विमानांना वाट दाखवायचीय? आधी वय मोजा!

विमान म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे वैमानिक येतो, नाहीतर हवाई सुंदरी. पण प्रत्येक उड्डाणात तिसरंही एक माणूस असतं, आणि ते विमानात नसतंच. ते असतं जमिनीवर, उंच मनोऱ्यात काचेआड, किंवा अर्ध्या अंधाऱ्या खोलीत रडारच्या पडद्यासमोर. कानाला हेडफोन, तोंडाशी माइक. ‘थांबा’, ‘निघा’, ‘डावीकडे वळा’, ‘इतक्या फुटांवर या’ असं ते सांगतं आणि दोनशे माणसं पोटात घेतलेलं ते अजस्र यंत्र निमूट ऐकतं. हाच हवाई वाहतूक नियंत्रक, म्हणजे एअर ट्रॅफिक कंट्रोलर. या खुर्चीवर आपल्याकडे बायकाही बसतात. मुंबईसारख्या विमानतळावर, जिथे दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदून जातात आणि एका वेळी एकच वापरता येते, तिथे रोज शेकडो विमानं चढवण्या-उतरवण्याच्या कामात त्यांचाही वाटा असतो.

अडचण अशी, की ही नोकरी आपल्या कानावर फार उशिरा येते. कॉलेजात असताना कोणी म्हणतं बी.एड. कर, कोणी म्हणतं बँकेच्या परीक्षा दे. विमानतळाचं नाव कोणी काढत नाही. मग लग्न होतं, मूल होतं, ते बालवाडीत जायला लागतं आणि सकाळचे दोन तास मोकळे मिळतात. अशा वेळी कुठेतरी जाहिरात दिसते: पदार्थविज्ञान आणि गणित घेऊन बी.एस्सी. झालेले उमेदवार हवेत. ‘अगंबाई, माझं तर फिजिक्स-मॅथ्सच होतं!’ पगार वाचून डोळे विस्फारतात. आणि चौथ्या-पाचव्या ओळीवर नजर थबकते. कमाल वय २७.

या लेखाचा विषय ती ओळच आहे. कारण ती कोणासाठी किती लवचिक आहे, कोणासाठी मुळीच नाही, आणि आपल्या देशाबाहेर ती कुठे नाहीच, हे नीट समजलं तर उगाच आशेवर वर्षं घालवावी लागत नाहीत, आणि उगाच आशा सोडावीही लागत नाही.

सत्तावीस म्हणजे नेमके किती?

आपल्याकडे ही भरती भारतीय विमानतळ प्राधिकरण करतं. पदाचं नाव ज्युनिअर एक्झिक्युटिव्ह (एअर ट्रॅफिक कंट्रोल). २०२५ साली या पदाच्या ३०९ जागांची जाहिरात निघाली होती. वय मोजलं गेलं अर्जाच्या शेवटच्या तारखेला, म्हणजे २४ मे २०२५ रोजी. परीक्षेच्या दिवशी नाही, नेमणुकीच्या दिवशी तर नाहीच. जाहिरात दरवर्षी ठरल्या महिन्यात येते असंही नाही. त्यामुळे ‘या वर्षी बाळ लहान आहे, पुढच्या वर्षी बघू’ हे वाक्य इथे महागात पडू शकतं.

आता जरा बोटांवर हिशेब करा. पदवी एकविसाव्या वर्षी. चोविसाव्या वर्षी लग्न धरलं, पंचविसाव्याला पहिलं बाळंतपण, तर बाळ दोन वर्षांचं होईतो दार बंद होण्याची वेळ येते. ज्या वयात घर आपल्याकडे सगळ्यात जास्त मागतं, नेमकी तीच वर्षं ही नोकरीही मागते. पुरुष उमेदवाराचंही वय सत्तावीसच धरतात, पण त्याच्या पंचविसाव्या वर्षी त्याच्या कडेवर मूल नसतं. नियम सगळ्यांना सारखा असला, तरी भार सारखा पडत नाही.

सवलती आहेत, त्या नीट लक्षात ठेवा. इतर मागासवर्गीयांना (नॉन क्रीमी लेअर) तीन वर्षं, अनुसूचित जाती-जमातींना पाच वर्षं. म्हणजे अनुक्रमे तीस आणि बत्तीस. ही सवलत राखीव जागांपुरती असते. आणि एक सवलत अशी आहे, जी पुष्कळजणींना ठाऊकच नसते: जी व्यक्ती प्राधिकरणाच्याच नियमित नोकरीत आहे तिला दहा वर्षं जास्त मिळतात, म्हणजे सदतिसाव्या वर्षापर्यंत अर्ज करता येतो. एखाद्या विमानतळावर लेखा विभागात किंवा कार्यालयात काम करणारी, फिजिक्स-मॅथ्सची पदवी असलेली बाई पस्तिसाव्या वर्षी नियंत्रक होण्यासाठी अर्ज करू शकते. आपल्या देशात या कामाला ‘उशिरा’ जाण्याची सरळ वाट म्हणायची तर ती हीच. विधवा आणि घटस्फोटित स्त्रियांना काही सरकारी पदांसाठी वयाची सूट असते. ती इथेही लागू असेल असं मात्र गृहीत धरू नका. त्या-त्या वर्षीची जाहिरात अक्षर अन् अक्षर वाचा.

पदवीच्या बाबतीतही एक खोच आहे. बी.एस्सी.ला पदार्थविज्ञान आणि गणित दोन्ही हवेत. इंजिनिअरिंगची पदवी कुठल्याही शाखेची चालते, पण एखाद्या तरी सत्रात हे दोन विषय शिकलेले असायला हवेत. आणि पदवी पूर्णवेळ, नियमित हवी. लग्नानंतर मोठ्या कष्टाने बहिःस्थ किंवा मुक्त विद्यापीठातून पदवी पुरी केलेल्या बहिणींच्या कष्टांबद्दल मला आदरच आहे, पण या जाहिरातीत त्या पदवीचा उपयोग होत नाही. मला स्वतःला हा नियम कडक वाटतो. परीक्षा घेणारच आहात, तर पदवी कुठे बसून मिळवली यानं काय बिघडतं?

परीक्षा आणि आवाज

परीक्षा संगणकावर, दोन तासांची, १२० प्रश्नांची. निम्मे प्रश्न इंग्रजी, बुद्धिमापन, अंकगणित आणि सामान्य ज्ञानाचे. उरलेले निम्मे गणित आणि पदार्थविज्ञानाचे, पदवीच्या पातळीवरचे. चुकलेल्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नये. २०२५ साली महिलांना अर्जाचं शुल्क माफ होतं. पदवी होऊन चार-पाच वर्षं झाली असली तर कलन, सदिश, प्रकाशशास्त्र, विद्युतचुंबकत्व हे सगळं पुन्हा उकरून काढावं लागतं. बाळ झोपल्यावरचा एक तास त्याला पुरत नाही, हे आधीच घरात सांगून ठेवलेलं बरं.

लेखी परीक्षेनंतर कागदपत्रं तपासतात आणि मग आवाजाची चाचणी असते. गोड गळा नको असतो. शब्द स्वच्छ, न अडखळता, एका लयीत यायला हवेत. मादक द्रव्यांची तपासणी होते, मानसिक कल पाहतात आणि वैद्यकीय तपासणी होते. चष्मा असला तरी चालतो, रंगांधळेपणा आणि ऐकण्यातला दोष चालत नाही.

इंग्रजीचा बाऊ करणाऱ्यांसाठी एक गंमत सांगते. आकाशातलं इंग्रजी म्हणजे कादंबरीतलं इंग्रजी नव्हे. ठरलेली छोटी वाक्यं, ठरलेले शब्द. आकड्यांचे उच्चारसुद्धा मुद्दाम बदललेले: ‘थ्री’ला ‘ट्री’, ‘फाइव्ह’ला ‘फाइफ’, ‘नाइन’ला ‘नाइनर’. खरखरणाऱ्या रेडिओवर एकाचा दुसरा आकडा ऐकू जाऊ नये म्हणून ही तजवीज. आपल्या मराठी जिभेला ‘ट्री’ जड जाऊ नये! नियंत्रकानं दिलेली सूचना वैमानिकानं जशीच्या तशी परत म्हणून दाखवायची, आणि ती बरोबर म्हटली का, हे नियंत्रकानं कान देऊन ऐकायचं. अर्धं काम बोलण्याचं, अर्धं ऐकण्याचं. मात्र प्रवाहात आल्यावर एकदम अनपेक्षित काही घडलं, कोणी आजारी पडलं, पक्षी आदळला, तर साध्या इंग्रजीत स्वच्छ बोलता येणं लागतंच. त्याचीही ठरावीक पातळी आंतरराष्ट्रीय नियमांनी घालून दिलेली आहे.

वयाचा एवढा बाऊ का?

‘तिशीनंतर डोकं चालत नाही की काय?’ असा राग येणं साहजिक आहे. यामागचं कारण समजून घेऊ.

या कामात आकाशाचं एक चित्र सतत मनात ठेवावं लागतं. कोण कुठे आहे, किती उंचीवर आहे, कोणाचा वेग जास्त आहे, तीन मिनिटांनी कोण कोणाच्या वाटेत येईल. दोन विमानांमध्ये उंचीचं अंतर एरवी किमान एक हजार फूट राखायचं. तेवढं नसेल तर आडवं अंतर राखायचं, रडारवर साधारण तीन ते पाच सागरी मैल. विमान आकाशात थांबवता येत नाही. त्यामुळे ‘जरा विचार करून सांगते’ असं म्हणायची सोय नाही.

अमेरिकेत १९६० च्या दशकात विमान वाहतूक खात्याच्या संशोधकांनी प्रशिक्षणार्थींच्या वयाचा अभ्यास केला. वय जसं जास्त, तसं प्रशिक्षणात उत्तीर्ण होण्याचं प्रमाण कमी, असं त्यांना आढळलं. पुढे १९७२ साली तिथे कायदा झाला. आजही अमेरिकेत वयाची एकतीस वर्षं पूर्ण होण्याआधीच भरती व्हावं लागतं आणि छप्पन्नाव्या वर्षी खुर्ची सोडावी लागते. हे सरासरीचं शास्त्र झालं. सरासरीवरून एका बाईबद्दल काहीच कळत नाही. पण भरती करणाऱ्यांना हजारो अर्जांची चाळण करायची असते आणि वयाची चाळण सगळ्यात स्वस्त पडते, असं आपलं माझं मत.

‘संसार करणारी बाई एका वेळी कुकरच्या शिट्ट्या मोजते, दूध बघते, मुलाचा अभ्यास घेते, मग तिला विमानं काय जड?’ असं कौतुकानं म्हणणारे भेटतात. ऐकायला गोड आहे, पण त्यावर विसंबू नये. दूध उतू गेलं तर ओटा पुसता येतो. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणात चरखी दादरीजवळ सौदी आणि कझाक अशी दोन विमानं आकाशात एकमेकांवर आदळली आणि ३४९ माणसं गेली. नियंत्रकानं एकाला चौदा हजार आणि दुसऱ्याला पंधरा हजार फुटांची उंची दिली होती. कझाक विमान दिलेल्या उंचीच्या खाली उतरलं. चौकशीत दोष त्या वैमानिकांवर ठेवला गेला, नियंत्रकावर नाही. तरी त्या रात्री त्या खुर्चीवर बसलेल्या माणसाच्या मनाचं काय झालं असेल? अर्ज भरण्यापूर्वी हा प्रश्न स्वतःला शांतपणे विचारावा. ‘मला हे झेपणार नाही’ असं उत्तर आलं तर त्यात कमीपणा काहीच नाही.

घरात काय सांगायचं?

निवड झाली की आधी प्रशिक्षण. प्राधिकरणाचं जुनं प्रशिक्षण केंद्र प्रयागराजजवळ बमरौलीला आहे, हैदराबादला आहे, आणि आपल्या महाराष्ट्रात गोंदियाजवळ बिरसीलाही आहे. काही महिने घर सोडून वसतिगृहात राहावं लागतं. प्रशिक्षण घेऊन मध्येच नोकरी सोडू नये म्हणून तीन वर्षांसाठी सात लाख रुपयांचं हमीपत्र लिहून द्यावं लागतं. मूळ वेतन चाळीस हजारांपासून सुरू होतं, भत्ते धरून ते बरंच वर जातं. पण नेमणूक भारतभर कुठेही होऊ शकते. यवतमाळच्या मुलीला गुवाहाटी मिळाली तर? हे नवऱ्याशी आणि सासरी अर्ज भरतानाच बोलायला हवं. निकाल लागल्यावर ‘आता कसं करायचं?’ म्हणत घरभर रुसवे झाले, तर त्यात सगळ्यांचंच मन मोडतं.

वर्गातलं शिक्षण संपलं म्हणजे काम संपलं असंही नाही. ज्या विमानतळावर नेमणूक होईल तिथे अनुभवी नियंत्रकाच्या शेजारी बसून प्रत्यक्ष विमानांवर शिकायचं. मागे तो कान देऊन बसलेला असतो आणि चुकतंय असं वाटलं की त्या क्षणी माइक आपल्या हातात घेतो. वयानं आपल्याहून लहान असलेला शिक्षक चारचौघांत चूक दाखवतो, तेव्हा ते मनाला न लावता पुढची सूचना द्यायची. उशिरा शिकायला बसणाऱ्यांना गणितापेक्षा हेच जड जातं.

पाळ्या चोवीस तास असतात. रात्रपाळी चुकत नाही, गणपती-दिवाळीही चुकत नाही. सलग काम साधारण दोन तास, मग सक्तीची विश्रांती. दमलेल्या माणसाला खुर्चीवर बसू देत नाहीत, ही चांगली गोष्ट. पण रात्रपाळी करून सकाळी घरी आलेल्या सुनेनं दुपारपर्यंत झोपायचं असतं, हे घरातल्या सगळ्यांना पटायला हवं. ती झोप म्हणजे आळस नव्हे, कामाचाच भाग आहे. पाहुणे आले म्हणून तिला उठवलं, तर त्याची भरपाई संध्याकाळी आकाशात करायची का?

बाळंतपणाचं विचाराल, तर आंतरराष्ट्रीय वैद्यकीय नियमांत गरोदर नियंत्रकाची प्रकृती ठीक असली तर तिला चौतिसाव्या आठवड्याअखेरपर्यंत कामाला योग्य धरावं अशी शिफारस आहे. आपल्या देशात २०१७ पासून कायद्यानं पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. रजेवरून परतल्यावर मात्र थेट माइक हाती देत नाहीत. सराव सुटलेला असतो, म्हणून काही दिवस पुन्हा देखरेखीखाली काम करून घेतात.

यव्हॉन पोप या बाईंचं उदाहरण इथे आठवतं. १९६० च्या दशकात लंडनजवळच्या गॅटविक विमानतळावर त्या पहिल्या महिला नियंत्रक झाल्या, तेव्हा त्यांचे पती वारले होते आणि पदरी दोन लहान मुलगे होते. वय तिशीच्या घरात. पुढे त्या प्रवासी विमानाच्या कॅप्टनही झाल्या, ब्रिटनमधल्या अगदी पहिल्या स्त्रियांपैकी एक. हे सगळं सोपं होतं असं कोणी म्हणणार नाही. पण दोन मुलगे सांभाळून पाळ्या करणारी बाई तेव्हाही होती.

चाळिशीतही दार उघडं, पण कुठे?

आता थोडं परदेशी राहणाऱ्या मैत्रिणींसाठी. आपल्या कितीतरी लेकीसुना नवऱ्याच्या नोकरीपायी कॅनडा, ऑस्ट्रेलिया, इंग्लंडमध्ये स्थायिक झाल्या आहेत आणि इथली पदवी तिथे कोणी विचारत नाही म्हणून खंतावतात. त्यांनी हे जरूर वाचावं. या तिन्ही देशांत नियंत्रकाच्या प्रशिक्षणासाठी किमान वय अठरा आहे आणि कमाल वयाची अटच नाही. कॅनडात हे काम नॅव्ह कॅनडा ही संस्था करते, ऑस्ट्रेलियात एअरसर्व्हिसेस, ब्रिटनमध्ये नॅट्स. पदवीसुद्धा लागत नाही. शालेय शिक्षण पुरतं. अट आहे ती तिथे राहण्या-काम करण्याच्या हक्काची. कॅनडा आणि ऑस्ट्रेलियात नागरिकत्व किंवा कायमचा रहिवासी परवाना हवा. नवऱ्याच्या तात्पुरत्या व्हिसावर गेलेल्या बाईनं आधी ते पाहावं.

अमेरिकेत मात्र नागरिकत्वही हवं आणि वयही एकतीसच्या आत हवं. तिकडे गेलेल्या बहुतेकजणींना नागरिकत्व मिळेपर्यंत ते वय उलटून गेलेलं असतं. तेव्हा न्यू जर्सीतल्या नणंदेला हा लेख पाठवण्यात अर्थ नाही, टोरोंटोतल्या जाऊबाईंना पाठवा.

वयाची अट नाही म्हणजे सवलत आहे असं मात्र समजू नका. चाचण्या सगळ्यांना त्याच. संगणकावर ठिपके सरकतात, त्यांची टक्कर टाळायची, त्याच वेळी कानात आकडे ऐकू येतात ते लक्षात ठेवायचे, मध्येच एखादं गणित सोडवायचं. पुष्कळसे अर्जदार या पहिल्याच टप्प्यावर गळतात, तरुणसुद्धा. चाळिशीतली बाई यातून पार झाली की पुढे तिला जन्मतारीख कोणी विचारत नाही.

आणि इथे राहणाऱ्या, तिशी उलटलेल्या बाईनं काय करावं? प्राधिकरणाच्या नोकरीत नसाल आणि वयाच्या इतर सवलतींतही बसत नसाल, तर नियंत्रकाची खुर्ची या देशात मिळत नाही, हे स्पष्ट सांगितलेलं बरं. क्लासवाले ‘पुढच्या वर्षी वय वाढणार आहे’ असं सांगून फी घेतात, त्यांच्या नादी लागू नका. याच कामाशेजारचं एक काम पाहण्यासारखं आहे: विमानकंपन्यांचे फ्लाइट डिस्पॅचर. उड्डाणाचा मार्ग, हवामान, इंधन यांचा हिशेब जमिनीवर बसून करणारी ही माणसं. भरतीचे नियम कंपनीपरत्वे वेगळे असतात, तेव्हा थेट कंपनीकडेच चौकशी करावी.

ज्यांचं वय अजून बसतंय त्यांच्यासाठी कागदपत्रांचं एवढंच. अर्ज दहावीच्या प्रमाणपत्रावरच्या नावानं भरावा. लग्नानंतर नाव बदललं असेल तर विवाह नोंदणीचा दाखला आणि राजपत्रातली नोंद हाताशी ठेवावी. माहेरचं आडनाव पदवीवर, सासरचं आधारवर आणि जातीचा दाखला तिसऱ्याच नावावर, अशी आपल्याकडे घरोघरी स्थिती असते. नॉन क्रीमी लेअरचा दाखला केंद्र सरकारच्या नमुन्यातला लागतो, राज्याचा चालत नाही. तहसील कार्यालयात तो मिळायला वेळ लागतो, म्हणून जाहिरातीची वाट न पाहता आधीच अर्ज करून ठेवावा. बारावीची आणि पदवीची सगळ्या सत्रांची गुणपत्रकं माहेरी असतील, तर पुढच्या खेपेला जाल तेव्हा घेऊन या.